फळ्यावर राहिलेला बिल्ला

बॉयलरच्या कारखान्यात फोरमनने एक शिस्त घालून दिली होती. टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला दाराशी असलेल्या फळ्यावर अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. फळा रिकामा झाल्याखेरीज टाकीचे झाकण लागत नसे. मुलगा नौदलात इंजिनांवरचा अधिकारी झाला आणि हीच पद्धत त्याने जहाजावर नेली. खलाशी पाठीमागे त्याला ‘बिल्लेसाहेब’ म्हणत. सुट्टीवर आला की तो हे हसत सांगे आणि फोरमनच्या अंगावर मूठभर मांस चढे. आईने लग्नाचा विषय काढला, तर म्हणे, “आधी माझा बिल्ला फळ्यावरून निघू दे!”

युद्धाच्या चौथ्या महिन्यात तो जहाजाबरोबर बुडाला. वय सव्वीस. ‘कर्तव्य बजावताना’ एवढेच पत्रात होते.

पाच आठवड्यांनी त्याच्या हाताखालचा एक खलाशी घरी आला.

“काका, सुरुंगाने तळ फाटला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना वर काढलं. मग फळा बघितला. एक बिल्ला होता.”

“कुणाचा?”

“माझा. मी आधीच वर पोचलो होतो. घाईत काढायचा राहिला. साहेब मला शोधायला परत खाली गेले.”

बिल्ला विसरणाऱ्याला फोरमन कारखान्यात सर्वांदेखत फैलावर घेत असे. आताही शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थिजले. बिल्ला याचा असला, तरी फळ्यावर विश्वास ठेवायला मुलाला कुणी शिकवले होते?

“बोला ना, काका. शिव्या तरी द्या.”

“वय काय तुझं?”

“वीस.”

“मग गप्प बस.”

आतल्या दाराशी उभी असलेली आई पुढे आली. “एवढंच सांग, बाळा. तू वर सुखरूप आहेस, हे त्याला कळलं होतं का? की शेवटपर्यंत शोधतच राहिला?”

खलाशाने मान खाली घातली. उत्तर काय आहे, ते फोरमनला उमगले. चाळीस वर्षांत न मोजता एक मापही ज्याने कधी सांगितले नव्हते, तो माणूस ठामपणे म्हणाला, “कळलं होतं त्याला. वरून हाका मारल्या होत्या यांनी. हो की नाही रे?”

खलाशाने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

“हो, काकू. साहेबांनी ओ दिली.”