कट म्हटलं की आई यायची

छकुलीताईंना रडता येत नाही, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हसायला सांगा, भांडायला सांगा, सुनेच्या अंगावर वस्कन ओरडायला सांगा, ताई एका टेकमध्ये काम चोख करून मोकळ्या. पण रडायचा प्रसंग आला की मेकअपदादा न सांगता ग्लिसरीनची बाटली घेऊन शेजारी उभा राहायचा. "ताईंचं रडू बाटलीत राहतं," असं तो नव्या माणसांना सांगायचा, आणि त्यावर ताईच सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. लोकांना याची भारी गंमत वाटे, कारण या बाईंनी नाव कमावलं होतं ते रडूनच.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. टीव्हीवरच्या एका मालिकेत तिनं छकुली नावाची अनाथ पोर केली आणि रातोरात ती घराघरांत पोचली. छकुली रडायला लागली की शेगडीवरचं दूध उतू जाई, पण कुणी जागचं हलत नसे. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं. पुढे पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी दुकानदारापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे तिला छकुलीच म्हणत. कुणाला फारच संकोच वाटला तर तो मागे 'ताई' जोडी. एकदा नाव पडलं की पडलं, त्याला इलाज नाही.

ते रडू यायचं कुठून, हे मात्र दूध उतू घालवणाऱ्यांना कधी कळलं नाही.

मालिकेच्या पहिल्या आठवड्यात पोर काही केल्या रडेना. दिग्दर्शकांना ती काका म्हणायची. काकांनी डोळे वटारले तर ती हसली, रागावले तर आणखीच हसली. प्रकाशवाल्यानं शिडीवरून पडायचं सोंग केलं तेव्हा तर टाळ्या पिटायला लागली. शेवटी काकांनी तिच्या आईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. आई पर्सच्या बंदाला पीळ घालत खाली बघत राहिली. मग पर्स खुर्चीवर ठेवून ती सेटच्या खोट्या भिंतीमागे गेली. काका छकुलीजवळ येऊन उकिडवे बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, तुझी आई गेली गं. बाहेर रस्त्यात गाडीनं उडवलं तिला. आता नाही यायची ती."

पोरीनं आधी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर नुसती पर्स होती. आणि मग तिनं जो टाहो फोडला, त्यानं सेटवरच्या दाढीमिशा असलेल्या माणसांचेही डोळे भरून आले. काका हळूच मागे सरकले. कॅमेरा चालूच होता. पुरेसं मिळाल्यावर काका म्हणाले, "कट!" आणि भिंतीमागून आई धावत आली, हातात क्रीमचं बिस्किट, स्वतःच हमसून रडत. "आहे गं राणी, मी इथेच आहे. कुठे जाणारे मी तुला सोडून?"

काका काही राक्षस नव्हते. राक्षस असते तर बरं झालं असतं, त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं. त्यांचा या पोरीवर जीव होता. ते तिला खांद्यावर बसवून सेटभर फिरवायचे. पण शॉट म्हटला की या लोकांना दुसरं काही दिसत नाही. आईचं म्हणाल, तर त्या दिवशी ती जेवली नाही. पण नवऱ्याचं काम सुटलेलं, घर पोरीच्या जिवावर चाललेलं. पुढच्या आठवड्यात तसाच प्रसंग आला तेव्हा ती न बोलता भिंतीमागे जाऊन उभी राहिली. माणूस कशालाही सरावतो.

आणि पोर तर सगळ्यांत आधी सरावली. हा लपंडाव आहे, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. आई जाते, आपण रडायचं, काका कट म्हणतात, आई भिंतीमागून येते, बिस्किट मिळतं. सकाळी सेटवर पाय ठेवताच ती खणखणीत आवाजात विचारायची, "काका, आज आई मरणार आहे का?" सगळे खो खो हसायचे. आईही हसायची. "मरते गं बाई," ती म्हणायची, "आज तर दोनदा मरायचंय. चल, आधी वेणी घालू." खेळ आहे हे कळूनही रिकाम्या खुर्चीकडे बघितलं की पोरीचे डोळे आपोआप भरायचे. खेळातलं रडूच ते, पण अगदी खऱ्यासारखं.

छकुली नऊ वर्षांची असताना एका दुपारी त्या खुर्चीत बसल्या बसल्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. छातीतलं दुखणं ती कितीतरी दिवस अंगावर काढत होती. पोरीला सोडून दवाखान्यात जायचं कधी? तिला उचलून इस्पितळात नेलं तेव्हा छकुली आतल्या खोलीत शॉट देत होती. कुणी तिला काही सांगितलं नाही. संध्याकाळी काका तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले, पाठीवर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, तुझी आई गेली गं." दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगायचं, हे बिचाऱ्यांना सुचलंच नसावं.

छकुलीनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर पर्स होती. शिकवल्याप्रमाणे तिनं चेहरा थोडा प्रकाशाकडे वळवला आणि ती रडली. सुंदर रडली. सगळे माना खाली घालून उभे होते. एका शॉटला लागतं तेवढं रडून झाल्यावर ती थांबली, बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "काका, कट म्हणा ना."

काकांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं. कट कुणीच म्हणालं नाही.

मग ती स्वतःच भिंतीमागे गेली. मागच्या बाजूनं ती भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड होतं, आडव्या पट्ट्या, वाकडे खिळे आणि कुणीतरी विसरलेला चहाचा कप. आईला आज उशीर होतोय, असं म्हणून ती तिथेच जमिनीवर बसली. बाबांनी येऊन तिला उचलून घरी नेलं, तेव्हाही ती मान वळवून मागे बघत होती. घरी माणसं जमली होती. मावशी छाती पिटून रडत होती आणि पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. "काय दगडाची पोर आहे!" मावशी म्हणाली. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतला तो पोरगा निदान स्वतः तरी खोटं बोलत होता. या पोरीला मोठ्यांनीच रोज लांडगा दाखवला, आणि खरा आला तेव्हा ती बिस्किटाची वाट बघत बसली.

त्यानंतर तिचं रडू आटलं ते आटलंच. मालिका वर्षभर ग्लिसरीनवर चालली आणि बंद पडली. हातपाय लांबले, चेहऱ्यावरचा गोंडसपणा गेला, आणि ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं ते रस्त्यात ओळख देईनासे झाले. विशी ओलांडल्यावर खाष्ट नणंदेचं काम मिळालं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. मग नायिकेची मैत्रीण, भांडकुदळ घरमालकीण, वकीलीण, सासू. पडेल ते काम केलं आणि कधी कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. लग्न केलं, ते मोडलं. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना नवरा म्हणाला, "तुला काही वाटतच नाही का गं?" वाटत होतं, पण ते डोळ्यांपर्यंत येईना. बाबा गेले तेव्हाही तेच झालं.

आणि आता इतक्या वर्षांनी एका चित्रपटात आजीचं काम आलं होतं. साधंसुधं नव्हे, मुख्य काम. पोस्टरवर पहिल्यांदा त्यांचं नाव वर येणार होतं. नातीची आई वारते आणि ते नातीला सांगायची पाळी आजीवर येते, हा चित्रपटातला सगळ्यांत मोठा प्रसंग. नात झाली होती पाच वर्षांची चिंगी. ती रोज तिच्या बाबांबरोबर यायची. बाबा म्हणजे एक किडकिडीत, भिडस्त माणूस. चिंगीची लाल पाण्याची बाटली गळ्यात अडकवून तो दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असे.

चिंगी रडेना. सकाळपासून तिनं सगळं करून पाहिलं, नाक फुगवलं, ओठ काढला, मग स्वतःच्याच आवाजाला हसली. दुपार कलायला लागली तसा दिग्दर्शक घायकुतीला आला. पोरगेलासा, गोड बोलणारा मुलगा. ताईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, ही जागा आपल्याकडे आजचाच दिवस आहे. एक युक्ती आहे, जुने लोक करायचे. तिच्या बाबांना मी जरा भिंतीमागे उभं करतो. तुम्ही तिला सांगायचं, बाबांना अपघात झाला, बाबा गेले. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. दोन मिनिटांचं काम."

ताईंनी वळून पाहिलं. चिंगीचे बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा होते. बाटलीच्या पट्ट्याला पीळ घालत ते खाली बघत होते. "मी लपतो ना ताई," ते म्हणाले. "तिचं चांगलंच होईल त्यात."

"खाली बसा!" ताई कडाडल्या. इतकी वर्षं सुनांसाठी राखलेला आवाज होता तो. "खुर्चीवरून उठलात तर माझ्याशी गाठ आहे."

"ताई, अहो, मग ती रडणार कशी?"

"नाही रडणार. पाच वर्षांच्या पोरीला रडायचं काय नडलंय?"

दिग्दर्शकाचा गोडवा जरा उतरला. "बरं. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो तिला."

"सांग. आणि दुसरी आजी शोध."

पोस्टर त्यांना हवं होतं, नको कशाला म्हणा! पण त्या हलल्या नाहीत. शेवटी दिग्दर्शकच नरमला. "दहा मिनिटं घ्या," तो म्हणाला. "बघा तुमच्या पद्धतीनं."

ताई पलंगावर चिंगीजवळ जाऊन बसल्या. काय करायचं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

"आजी, तुला ते ओरडले का गं?" चिंगीनं विचारलं.

"मीच ओरडले. तुझे बाबा कुठायत?"

"ते काय, खुर्चीत."

"हां. कुणी म्हणालं बाबा गेले, तर आधी तिथे बघायचं."

"जातील कुठे? माझी बाटली आहे त्यांच्याकडे."

ताई हसल्या. मग म्हणाल्या, "माझी आई ना, अशा भिंतीमागे लपायची."

"का?"

"मला रडू यावं म्हणून. मी रडले की मग यायची. बिस्किट घेऊन."

"मग?"

"मग एकदा नाही आली."

चिंगीनं थोडा विचार केला. "बिस्किट संपलं होतं?"

"नाही गं." ताईंचा आवाज बसला. त्यांनी खाकरून पाहिलं. "आई मेली होती. मला वाटलं, लपलीय."

"मग तू रडलीस?"

"आधीच रडून झालं होतं. खेळातलं."

ते वाक्य बोलून झालं आणि ताईंच्या नाकातून पाणी आलं. त्यांना वाटलं, सर्दी. मग हनुवटी हलायला लागली, तोंड वेडंवाकडं झालं आणि पोटातून एक आवाज आला. तो आपलाच आहे, हे त्यांना क्षणभर कळलं नाही. प्रकाश कुठल्या बाजूला आहे, चेहरा कुठे वळवायचा, काही सुचेना. नाक गळत होतं, श्वास अडकत होता, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई ढसाढसा रडत होती. चिंगी बघत राहिली. मग तिनं आपल्या फ्रॉकचा घेर उचलला आणि ताईंचे डोळे पुसायला लागली. "नको ना आजी," ती म्हणाली. "माझ्या बाबांकडे आहेत बिस्किटं. मी देते तुला."

दिग्दर्शकानं मघाशीच बोटानं खूण केली होती. कॅमेरा चालू होता, माईक चालू होता. या लोकांच्या युक्त्या संपत नाहीत.

"कट!" तो ओरडला. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चिंगी टुणकन उडी मारून खुर्चीकडे पळाली आणि बाबांनी तिला बाटलीसकट पोटाशी धरलं. मेकअपदादानं हातातली ग्लिसरीनची बाटली गुपचूप खिशात टाकली. "ताई, आता चिंगी रडायची गरजच नाही," दिग्दर्शक सांगत होता. "हाच प्रसंग ठेवू, असाच्या असा ठेवू."

छकुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. कट ऐकताच तिनं मान वळवली होती. खोटी भिंत जिथे संपत होती त्या कोपऱ्याकडे ती बघत होती, ओल्या तोंडानं, मांडीवरचा हात किंचित पुढे करून. कोपऱ्यात वायरींचं भेंडोळं होतं आणि एक शिडी होती. टाळ्या थांबल्या, माणसं आपापल्या कामाला लागली, तरी तिची नजर तिथून हलेना.

"कट झालं ना," ती हळूच म्हणाली. "ये की गं आता."