केंद्रक साहेबांवर दाब

न्यायाला विज्ञानाची साथ मिळते, तेव्हा सत्याचा विजय अटळ असतो. कामरगावच्या दौलतरावांना अशी साथ मिळाली. फक्त ती दुसऱ्याच कामाला निघालेली होती.

दौलतरावांच्या वावरात वांगी तोडणीला आली होती आणि शेजारच्या पंजाबरावांनी गाडीवाटेत काटे टाकले होते. वाट नाही तर बाजार नाही. प्रकरण कोर्टात होतं. कोर्टाच्या तारखेला इकडे पेशी म्हणतात. ती सोमवारी होती. त्याच सुमारास मुलीचा, राधिकाचा, फोन आला. राधिका शरीरातल्या पेशींवर संशोधन करते. घरी एवढंच ठाऊक होतं की ती पुण्यात असते.

“काय करून राह्यली?”

“पेशीवर दाब टाकून पाहून राह्यली, बाबा.”

दौलतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मंग?”

“दाब आला की केंद्रकाले समजते. त्याले समजलं की पेशी पुढं सरकते.”

“पुढं काहून? मले सोमवारीच पायजे.”

राधिका गोंधळली. “ते माया हातात नाई बाबा. केंद्रकावर हाय.”

निरीक्षक, अधीक्षक, निबंधक अशा सगळ्यांच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला केंद्रक म्हणजे कोण, हे विचारावं लागत नाही. त्यांनी बायकोला सांगितलं, “कोर्टात केंद्रक साहेब म्हणून कोणी नवे आले. आपल्या पोरीच्या वळखीचे हायत.”

“लग्न झालं का त्याइचं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

बातमी जीपच्या थांब्यापर्यंत दौलतरावांनीच पोचवली. शनिवारी राधिका घरी आली, आणि तिच्या मागोमाग पंजाबराव.

“पोरी, केंद्रकावर दाब टाकला म्हंते तू?”

संशोधनाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. राधिका खुलली. “टाकला ना काका. त्याच्या भवताली पातळ आवरण असते, सुरकुत्या पडलेलं. पेशी चेपली की त्या सुरकुत्या ताणल्या जातात. त्यावरून पेशीले समजते, का जागा कमी पडून राह्यली. मंग ती आकसते अन् फटीतून निसटते.”

“सुरकुत्या हायत म्हणजे वय झालं,” कस्तुराबाई चुलीपाशी म्हणाल्या आणि केंद्रकांचा विचार सोडून दिला.

“कोणाची जागा किती कमी पडली, हे केंद्रकाले समजते?” पंजाबरावांनी विचारलं.

“मोजपट्टीच समजा.”

“अन् लय दाबलं तर?”

“आवरण फाटते काका. आतलं बाहेर येते.”

पंजाबरावांनी चहा बशीत ओतला आणि परत कपात ओतला. “तुमाले बायलॉजी आवडते वाटते,” राधिका म्हणाली. “मले काहीच आवडून नाई राह्यलं पोरी,” ते म्हणाले आणि उठले.

रविवारी त्यांनी स्वतः काटे उचलले. दौलतरावांनी त्यांना तंबाखू दिली, आणि सोमवारी त्याच भरात कोर्टात जाऊन दावा मागे घेतला. केंद्रक साहेबांना रामराम घालावा म्हणून त्यांनी चौकशी केली. खालच्यांनी वर पाठवलं, वरच्यांनी खाली. शेवटी कुणीतरी सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत.

ते परतले तेव्हा त्या मोकळ्या वाटेनं पंजाबरावांची भरलेली गाडी चालली होती. त्यांची तूर कापून झाली होती, आणि ती घरी न्यायला त्यांनाही दुसरी वाट नव्हती.