कुदळीच्या दांड्याचं बूच

थोरल्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून, सावकाश यायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच आठ दिवसांपूर्वी चढावर ट्रॅक्टर मागे घसरला आणि विटांनी भरलेली ट्रॉली गोठ्याच्या भिंतीत घुसली, तेव्हा धाकटा सीटवरून उतरला तोच दोन्ही हात तोंडापुढे धरून. उपयोग झाला नाही. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि ओठ फाटला. दुसरा कानावर. तिसरा पोटात, आणि धाकटा जो आडवा झाला तो वहिनीने तोंडावर पाणी मारेपर्यंत उठला नाही.

"दिवसभर क्लचवर पाय ठेवून बसतो हरामखोर!" थोरला ओरडत होता. "प्लेट जाळली माझ्या बापाच्या ट्रॅक्टरची!"

बाप दोघांचाच होता, पण राग आला की थोरला त्याला एकट्याचा करून टाकायचा.

धाकट्याच्या ओठाला टाके पडले. बरगडीही ठणकत होती. पडताना ट्रॉलीच्या हुकावर आपटली, असं तो सांगायचा. चौथ्या दिवशी नीट बोलता यायला लागल्यावर त्याने थोरल्याला गाठलं.

"मिस्त्रीला बोलाव, दादा. माझ्यासमोर उघडू दे. माझ्या पायाने प्लेट गेली असेल तर मी हे घर सोडून जातो. नसेल, तर तुझे तीन ठोसे मोजून परत देणार."

थोरल्याची नजर त्याच्या बरगडीकडे जाऊन परत आली. "तीन," तो म्हणाला. "कबूल."

मिस्त्री आला तो आठव्या दिवशी सकाळी. बापाच्या वेळेपासून हा ट्रॅक्टर त्याच्याच हाताखालचा, त्यामुळे तो माणसांशी कमी आणि यंत्राशी जास्त बोलायचा. त्याने क्लचचं पेडल हाताने दाबलं. "दोन बोटं ढिलं आहे. तसंच पाहिजे." मग इंजिन चालू केलं, ब्रेक अडकवला, सगळ्यात वरचा गिअर टाकला आणि पेडल सोडलं. क्लच धड असता तर इंजिन आचका देऊन बंद पडलं असतं. ते मजेत धडधडत राहिलं आणि अंगणात करपल्याचा वास पसरला.

"बघ! बघ, जळलीये!" थोरल्याने धाकट्याची कॉलर धरून त्याला मडगार्डवर असा आपटला की पत्रा वाजला. टाके उसवले, हनुवटीवर रक्त आलं.

"जळलीये का भिजलीये, ते बघू दे आधी," मिस्त्री म्हणाला आणि ट्रॅक्टरखाली शिरला.

क्लचच्या घराला खाली एक भोक असतं. त्यात एक पिन सैल लटकत, हलत राहते, म्हणजे ते भोक चिखलाने बुजत नाही आणि आत झिरपलेलं ऑइल थेंबथेंब बाहेर पडतं. मिस्त्रीच्या बोटांना पिन लागली नाही. लागलं ते लाकूड. त्याने पकडीने ते उपसलं आणि काळंभोर ऑइल भसाभस अंगणातल्या नव्या कोब्यावर सांडलं.

"प्लेट ऑइलात पोहतेय," तो बाहेर येत म्हणाला. "पायाचा काही संबंध नाही. हे बूच कुणी ठोकलं?"

थोरल्याने ते लाकूड लांबूनच ओळखलं. मोडक्या कुदळीचा दांडा. दोन महिन्यांपूर्वी कोबा केला, त्यावर रोज डाग पडायला लागले, म्हणून पिन उपटून त्याने स्वतः ते तासून ठोकलं होतं, आणि गळती थांबवली म्हणून चार दिवस फुशारकीही मारली होती. त्याला शरम वाटली, आणि शरम वाटली की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. त्याने हातोडा उचलला.

"तूच ठोकलं असशील, म्हाताऱ्या! मागच्या वेळी तूच होतास खाली!"

"अहो, काय करताय!" बायको दारातून किंचाळली. "तुम्हीच ठोकलंत ते! मीच दिवा धरला होता!"

हातोडा तिच्याकडे वळला. वर गेलेला हात तिथेच थांबला, आणि थोरल्याला त्या हाताची पहिल्यांदाच किळस आली. त्याने हातोडा टाकला.

"दादा," धाकटा म्हणाला. "इकडे ये."

थोरला गेला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. धाकटा आहे, हात आखडता घेईल, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. पहिल्याच ठोशाला नाकाचं हाड कडकन वाजलं. दुसऱ्याने कानात शिट्टी सुरू झाली. तिसऱ्याने तो गुडघ्यांवर आला आणि कोब्यावर, ऑइलातच, ओकला.

"मिटलं," धाकटा हात झटकत म्हणाला. "ऊठ. प्लेट काढायला ट्रॅक्टर मधून तोडायचाय, तीन माणसं लागतील."

दुपारपर्यंत गिअरबॉक्स जॅकवर चढला आणि इंजिन त्यापासून सुटलं. इंजिन डुलू नये म्हणून पुढच्या चाकांच्या आसावर ठोकलेली एक पाचर तेवढ्यात निसटली. थोरल्याने झटकन पहार घालून इंजिन तोललं.

"सोडू नकोस!" मिस्त्री म्हणाला. "सोडलंस तर आडवंच होईल. जाड पाचर तासून आणतो."

धाकटा खाली वाकून सुटे बोल्ट गोळा करत होता. वाकताना कळ आली, तसा तो बरगडी धरून हसला.

"त्या हुकालाही एक ठोसा द्यायला हवा होता बघ, दादा."

थोरल्याच्या नाकातलं रक्त ओठांवर उतरत होतं. तो गप्प बसू शकला असता. आठ दिवस बसलाच होता.

"हूक नव्हता तो," तो म्हणाला. "तू बेशुद्ध पडला होतास. मी लाथ घातली."

धाकटा सरळ उभा राहिला. "पडल्यावर?"

"पडल्यावर."

"तीन म्हणालो तेव्हा गप्प बसलास."

"आता घाल. हवी तेवढी जोरात घाल, मी हलणार नाही."

धाकट्याने बोल्ट डब्यात ठेवले, चिंधीला हात पुसले आणि तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा खांद्याला पिशवी होती. वहिनी रडत मागे येत होती.

"अरे, थांब! तुझी चूक नव्हती ना! तू कशाला जातोस?"

धाकटा फाटकाकडे चालत राहिला.

"थांब रे!" थोरला ओरडला. "मला मार, पण थांब!"

फाटकाची कडी वाजली. मिस्त्री अजून पाचर तासत होता. थोरल्याने दोन्ही हातांनी पहार धरून ठेवली होती.