बारक्याचा पत्ता

ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकाच ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. नवे सर्व्हर ज्या मुख्य मशीनकडून सगळं सॉफ्टवेअर उचलायचे, त्याला भावाने आपलं घरातलंच नाव दिलं होतं, बारक्या. "घरात माझं कुणी ऐकत नाही, पण इथे मला विचारल्याशिवाय एकही सर्व्हर उभा राहत नाही," म्हणून तो खिदळायचा.

तो आजारी पडला तो उठलाच नाही. ताई कामावर परतली, तोवर ते जुनं मशीनही भंगारात गेलं होतं.

त्याच आठवड्यात नवे सर्व्हर आले. तयारीची स्क्रिप्ट चालवली की सगळे एकाच जागी अडकायचे. कुठल्या नावाचा कुठला पत्ता, हे सांगणारी फाइल स्क्रिप्ट प्रत्येकावर लिहायची. तिच्यात बारक्यापुढे भंगारातल्या मशीनचाच पत्ता होता. बिचारे सर्व्हर त्यालाच हाका मारत बसायचे.

"नाव राहू दे, पत्ता तेवढा बदल," साहेब हळूच म्हणाले.

तिने नव्या मशीनचा पत्ता घातला, स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि कीबोर्डवरून बारक्याला हाक देऊन पाहिली. लगेच उत्तर आलं. दवाखान्यात तिने हाका मारमारून घसा कोरडा केला होता, तेव्हा त्याने पापणीही हलवली नव्हती.

मग रोज कामावर आल्या आल्या ती उगाच एकदा हाक द्यायची. उत्तर आलं की दिवस ढकलता यायचा.

एका दुपारी नवीन लागलेली मुलगी पलीकडून ओरडली, "ताई, बारक्या मेला बघा!"

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. मुलगी गोंधळली. "म्हणजे... बंद पडलाय. रीस्टार्ट करू?"

"कर," ताई म्हणाली. "हा उठेल."

उठलाही. ताईने मात्र फाइल उघडली, बारक्या पुसून तिथे एक साधंसं नाव टाकलं आणि बदल सगळ्या सर्व्हरवर पाठवला. कुठे काही अडलं नाही.

"बारक्याचं मशीन चालतंय ना गं?" घरी आईने रोजच्यासारखं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चालतंय. पण त्याचं नाव काढलं मी आज."

आईने हातातला शर्ट तसाच मांडीवर ठेवला. "बरं केलंस," ती म्हणाली. पण आवाज फुटला, आणि मग दोघींनाही रडू आवरेना.