मधला ओटा

१६ मे २०२४, गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चारुदत्त खिरवडकरांनी स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्याच्या चार प्लग पॉइंटांत वीज सोडली. प्रत्येक पॉइंटात चाचणीचा दिवा लावून पाहिला. चारही वेळा तो लागला. मग दाराशेजारच्या बोर्डावरच्या आरसीसीबीचे बटण दाबले. कुणाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागली, तर हा स्विच डोळ्याचे पाते लवायच्या आत सगळी वीज तोडतो. 'टक्' असा कोरडा आवाज झाला आणि पंखा मंदावला. चारुदत्तांनी समाधानाने खटका पुन्हा वर केला.

"बाबूजी, आप से तो डर लगता है," वायरिंगचे काम करणारा सुशील हसत म्हणाला. "काम हम करें, इम्तिहान भी हमारा ही."

"परीक्षा तुझी नाही, तारेची आहे," चारुदत्त म्हणाले.

ते एकाहत्तर वर्षांचे होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन वीज मंडळाच्या चाचणी विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. न मोजलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. शहराच्या जुन्या भागातल्या, बूढापाऱ्यातल्या तीन खोल्या सोडून त्यांनी अभनपूर रस्त्यावरच्या नव्या वसाहतीत घर बांधले आणि जानेवारीत वास्तुशांत झाली. त्या वेळी हा मधला ओटा नकाशात नव्हता. तो सुनेच्या, हिंदीभाषक घरातून आलेल्या यामिनीच्या, मनातला. ती घरून केक करून विकायची. तिला चारी बाजूंनी वावरता येईल असा ओटा हवा होता, आणि फेटणीयंत्रासाठी त्याच्या अंगातच प्लग हवे होते.

अडचण एकच निघाली. भिंतीपासून ओट्यापर्यंत पाइप न्यायचा, तर जमीन कापावी लागणार होती. आणि पाइपाची सरळ रेघ नेमकी आग्नेय कोपऱ्याजवळून जात होती. तिथे वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी वास्तुप्रतिमा पुरली होती. दहीभात, शेवाळ, सात धान्ये, वर फरशी. चारुदत्तांनी दोन वेळा नकाशा फिरवून पाहिला. एका बाजूला सिंक होते, दुसऱ्या बाजूला फ्रीज. शेवटी त्यांनी सुशीलला फरशी काढायला लावली. तांब्याची डबी करवतीच्या धक्क्याने उघडली होती आणि बोटभर लांबीची ती प्रतिमा मातीत पालथी पडली होती.

हे अर्थात धक्क्याने झाले असावे, असे चारुदत्तांना वाटले. पडलेला देव जसा कुणीही सरळ करून ठेवील, तशी त्यांनी ती रुमालाने पुसली, डबीत नीट उताणी ठेवली, झाकण लावले आणि मधल्या ओट्याच्या विटांच्या पोटात नवी जागा करून दिली. पुढे पाइपाला हात घालावा लागला तर असू दे, म्हणून तिथे एक छोटे दार ठेवले. त्यांच्या पत्नी कुसुमताई तेव्हा वर्ध्याला भावाकडे गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांना हे सांगावे, असे चारुदत्तांना वाटले नाही. त्यात सांगण्यासारखे होते तरी काय?

कुसुमताईंना ओटा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. दोन दिवसांत तिसऱ्यांदा त्याचा कोपरा त्यांच्या कमरेत बसला.

"स्वयंपाकघर हाय का बाजाराचा चौक?" त्या कंबर चोळत कडाडल्या. "जळो मेला हा ओटा!"

दाराशेजारी 'टक्' झाले. वीज गेली.

"पाहा, आई बोलल्या आणि लाइट गेली," यामिनी हसली.

चारुदत्तांनी खटका वर केला. प्लगमध्ये काहीच लावलेले नव्हते, मग गळती कसली? संध्याकाळी त्यांना करपल्याचा वास आला. कुसुमताईंना लागलेल्या कोपऱ्याजवळच्या प्लगची पांढरी तबकडी तपकिरी झाली होती, मधोमध फुगली होती. त्यांनी तबकडी काढली. आतली तार नव्यासारखी चमकत होती. जळले होते ते फक्त वरचे.

त्यांनी तबकडी बदलली. दुसऱ्या दिवशी मेगर आणून तारांचे इन्सुलेशन मोजले. दोष निघाला नाही. ते मेगर गुंडाळत होते तेव्हा मीरा, त्यांची साडेचार वर्षांची नात, ओट्याशी उकिडवी बसून प्लगच्या भोकात केसाची पिन नेत होती. चारुदत्तांनी झटकन तिचा हात धरला.

"मीरा! हे खेळणं नाही. यात बोट घातलंस की चिकटशील. मग कुणी सोडवू शकणार नाही. समजलं?"

'टक्.'

मीराने मान हलवली. चारुदत्तांनी उठून खटका वर केला आणि स्विच जरा जास्तच नाजूक आहे, अशी मनाशी नोंद केली. त्यांनी चारही प्लगांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. अशा एका दुपारी यामिनी फेटणीयंत्राचे काचेचे भांडे ओट्यावर ठेवता ठेवता स्वतःशीच म्हणाली, "ये भी किसी दिन फूटेगा." 'टक्' झाले. भांडे तिच्या हातातून सुटलेही नव्हते. ओट्यावर जागच्या जागी त्याचे दोन सारखे तुकडे झाले.

ती तुकड्यांकडे पाहत राहिली. कुसुमताई देवघरातून आल्या, त्यांनी बोर्डाकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, हा ओटा ऐकून राहिला."

"कुसुम, काहीतरीच."

"काहीतरीच काहून? मी म्हटलं जळो, जळला. हिनं म्हटलं फुटंल, फुटलं. घरात अभद्र बोलू नये म्हणतात, वास्तुपुरुष होकार देते. थो टक् करून राहिला, थो होकारच हाय."

त्या दोघी तुकडे गोळा करून बाहेर गेल्यावर चारुदत्तांनी त्यांना माहीत असलेली एकच गोष्ट केली: चाचणी घेतली. खटका वर केला, चहाचा जुना कप घेऊन ते आधी बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "या कपाचा कान तुटेल." काही झाले नाही. मग ते मधल्या ओट्याजवळ आले, कप तसाच धरला आणि तेच वाक्य त्याच आवाजात उच्चारले.

'टक्.'

कान त्यांच्या बोटांत राहिला. कप खाली पडून गडगडत फ्रीजपर्यंत गेला.

त्या कानाकडे पाहता पाहता त्यांना मीराशी बोललेले वाक्य आठवले. संपूर्ण आठवले, शब्दाला शब्द. मागे वळून पाहतात तो मीरा ओट्याशी उभी होती. प्लास्टिकची टोपी तिच्या पायाशी पडली होती. तिची तर्जनी भोकापासून दोन बोटांवर होती, आणि ती खेळत नव्हती. ती रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखी वाट पाहत होती.

"मीरा! काय करतेस?"

तिने निरागसपणे वर पाहिले. "आप ही ने तो बोला था, आबा. चिपकना है ना?"

चारुदत्तांनी तिला उचलून थेट अंगणात नेले. "यामिनी, हिला घेऊन आत्ताच्या आत्ता माहेरी जा. वायरिंगचं काम काढलंय. मी फोन करीपर्यंत येऊ नका."

"अभी? बाबा, इतनी धूप में?"

"रिक्षा बोलव. पण आत्ता."

त्यांच्या आवाजात असे काही होते की यामिनीने पुढे विचारले नाही. रिक्षा यामिनीच्या माहेरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी घराचा मुख्य स्विच पाडला. ओट्याकडे जाणाऱ्या तिन्ही तारा बोर्डातून सोडवल्या; हिरवी अर्थिंगची परत जोडली, उरलेल्या दोन्हींची टोके हवेत मोकळी ठेवली. आता त्या प्लगांत वीज असण्याचा कोणताही मार्ग शिल्लक नव्हता. त्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि प्लगमध्ये घातला.

टेस्टरचा दिवा लागला.

त्यांनी मल्टिमीटर लावला. आकडा जराही न हलता उभा होता: दोनशे तीस. चारही प्लगांत तोच. हवेत लोंबणाऱ्या तारांकडे आणि त्या आकड्याकडे ते आळीपाळीने पाहत राहिले. आयुष्यभर ज्याच्या भरवशावर ते उभे होते ते मोजमाप आज त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होते. ओट्याच्या कडेला टेकत त्यांनी कुसुमताईंना हाक मारली, आणि पाइप, फरशी, डबी, मीराशी बोललेले वाक्य, सगळे सांगितले.

कुसुमताई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारले. "परत ठेवला तवा पालथाच ठेवला ना?"

चारुदत्तांनी ओट्याच्या छोट्या दाराकडे पाहिले.

"अहो, बोला ना. पालथाच ठेवला ना?"

"पडलेला होता. मी सरळ केला."

कुसुमताई मटकन खाली बसल्या. "वास्तुपुरुष पालथाच असते हो! तोंड मातीत, पाठीवर घर. गुरुजीनं तुमच्यासमोर पालथा ठेवला होता. तुम्ही कॅमेऱ्यावाल्याले उजेड दाखवून राहिले होते तवा. आता थो उताणा पडून सगळं पाहून राहिला. जे कानावर येईल ते देऊन राहिला."

"मग परत पालथा करतो," चारुदत्त म्हणाले आणि ओट्याच्या दाराचे स्क्रू काढू लागले.

"थांबा. त्यानं पोरीले जे दिलं, ते आधी वापस घ्या. मग तोंड फिरवा. एकदा तोंड फिरलं का कोणाले सांगाल?"

दार उघडले. आत विटांची पोकळी होती, पाइप होता आणि त्याखाली तांब्याची डबी. झाकण आपोआप सरकून बाजूला पडलेले होते. त्या बोटभर प्रतिमेला नाकडोळे जेमतेम कोरलेले, तरी चारुदत्तांना ती नजर आपल्यावर आल्याचे जाणवले. ओट्याच्या पोटातून थंड हवा येत होती. बाहेर नवतपा पेटलेला असताना विहिरीतून यावी तशी.

ते गुडघ्यांवर बसले. "मीराला काही होणार नाही," ते स्पष्ट म्हणाले.

काही आवाज झाला नाही.

"मीरा चिकटणार नाही. मी बोललो ते चुकीचं होतं."

शांतता. मल्टिमीटर दोनशे तीसवर उभा.

"ऐकून नाही राहिला," कुसुमताई पुटपुटल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. "द्यायचं ते देऊन बसला."

चारुदत्तांनी डोळे मिटले आणि चाचणी विभागातल्या एखाद्या बिघाडाचा विचार करावा तसा याचा विचार केला. दिलेले परत जात नसते. तारेत चढलेली वीज नुसती नको म्हटल्याने उतरत नाही. तिला वाट लागते. ती एका माणसाकडे निघाली असेल, तर दुसरी, अधिक जवळची वाट तिच्यासमोर धरावी लागते. अर्थिंग म्हणजे तरी दुसरे काय? माणसाच्या आधी जमिनीने ते अंगावर घ्यावे, एवढीच त्यातली युक्ती.

"कुसुम, तू अंगणात जा."

"काहून? काय करून राहिले तुम्ही?"

"जा म्हणतो ना. मीरा मागे फिरली तर? फाटकाशी थांब."

नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. चारुदत्त पोकळीकडे वाकले. तोंड त्या प्रतिमेच्या अगदी जवळ नेऊन, नोकरीत अहवाल वाचून दाखवीत तसे, एकेक शब्द सुटा करीत ते म्हणाले, "तिच्या वाट्याचं ते माझ्या अंगावर येईल. तिच्याऐवजी मी."

'टक्.'

मुख्य स्विच पाडलेला होता, बोर्डात वीज नव्हती, खटका आधीच खाली होता. तरी त्यातूनच तो आवाज आला. कुसुमताईंनी तो दारातून ऐकला आणि त्यांच्या तोंडून हुंदका फुटला.

चारुदत्तांनी हात आत घातला, प्रतिमा उचलली, डबीत पालथी घातली, झाकण लावले, वर माती लोटली. थंड हवा थांबली. ओटा पुन्हा नुसता दगड-विटांचा ओटा झाला. त्यांनी मीटर लावला. पहिल्या प्लगात शून्य. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात शून्य.

"झालं," ते म्हणाले. "संपलं, कुसुम."

"मग तुमच्या खिशात काय पेटून राहिलं?"

त्यांनी खाली पाहिले. सदऱ्याच्या खिशात उभ्या ठेवलेल्या टेस्टरचा दिवा कापडातून लाल दिसत होता. तो कशालाही लावलेला नव्हता. त्याचे टोक फक्त चारुदत्तांच्या छातीला टेकले होते.

फाटक वाजले. "मानती ही नहीं थी," यामिनी बाहेरून सांगत होती, "आधे रास्ते से रो-रोकर वापस लाई." तिच्या आधीच मीराच्या चपला अंगणातून फटफटत येऊ लागल्या. "आबा! आबा!"

चारुदत्त मागे सरकले, पाठ भिंतीला लागेपर्यंत. "कुसुम, तिला धर. माझ्याजवळ येऊ देऊ नको. कुणालाच येऊ देऊ नको."

कुसुमताईंनी नातीला दारातच छातीशी आवळून धरले. मीरा हात पसरून रडत होती, आजोबांच्या अंगावर झेपावायला धडपडत होती. चारुदत्तांनी तिच्याकडे डोळे भरून एकदा पाहिले. मग मल्टिमीटर उचलला, त्याची एक काडी भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेला लावली, दुसरी आपल्या डाव्या हाताच्या बोटांत धरली आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

दोनशे तीस.