महलतचं खमिराचं गाडगं

वल्हांडणाच्या आदल्या सकाळी मी राजाच्या मुदपाकखान्यात सणाच्या बेखमीर भाकऱ्यांचं पीठ चाळत होतो. शेजारची पुआ मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती गप्प राहणारी बाई नाही. त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघेना. मला कळलं.

माझी बायको महलत गेली होती. बरेच दिवस अंथरुणालाच होती. मी तिचे डोळे मिटले, तिला पुरून घरी आलो, तर पुआ उंबऱ्याबाहेरूनच ओरडली, "दादा, खमीर काढलंत का? सण तोंडावर आलाय."

सणाच्या दिवसांत घरात खमीर ठेवायचं नसतं; ते काढायचं काम महलतचं. दरवर्षी सणाआधी ती जुनं खमीर टाकायची आणि सण झाला की त्याच गाडग्यात नवं लावायची. त्यात काय घालते ते मला, राजाच्या भटाऱ्याला, कधी सांगितलं नाही. "तुम्ही राजाला खाऊ घाला, तुम्हाला मी घालते," म्हणायची.

"गाडगंही फोडावं लागेल," मी पुआला म्हणालो. घरात मरण झालं की उघड्या तोंडाचं मातीचं भांडं अशुद्ध होतं. आणि महलत त्यावर झाकण कधी ठेवायचीच नाही. मी म्हणायचो, माश्या बसतील. ती म्हणायची, "त्याला श्वास नको घ्यायला? तेही तुमच्यासारखं घोरतं."

कोनाड्यात पाहिलं. गाडग्यावर झाकण होतं, दोरीने घट्ट बांधलेलं. गाठ तिचीच.

तिला उठवत नव्हतं. तरी कधीतरी उठली होती.

"पुआ, हे बांधलेलं आहे गं."

पुआने डोळ्यांना पदर लावला. "मग गाडगं शुद्ध आहे, दादा. या घरात झाकण उघडू नका. उंबऱ्यावर ठेवा. खमीर मी जाळते, गाडगं तुम्ही शुद्ध होईपर्यंत माझ्याकडे राहू दे."

"फुटलं तर?"

"तुम्ही इतकी वर्षं महलतवहिनींच्या तोंडापुढे टिकलात. ते माझ्या घरी आठवडाभर टिकेल."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

मृताला शिवल्यामुळे मला सणाचं कोकरू खाता आलं नाही. राजाच्या पंगतीत चाकरांच्या ओळीत माझी जागा रिकामी दिसली, तेव्हा राजाने विचारलं म्हणे, "आपला अब्दोन कुठे आहे?" महलत गेल्याचं कळल्यावर त्याने, सण चुकलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात जो दुसरा वल्हांडण असतो त्यासाठी, आपल्या कळपातलं कोकरू पाठवलं. महलत म्हणाली असती, "बघा, मी मेले तेव्हा कुठे राजाला माझं नाव कळलं."

माझ्यासारखेच सणाला मुकलेले काहीजण होते. त्यांच्याबरोबर मी ते कोकरू रीतीप्रमाणे कडू भाजीशी खाल्लं. चांगलं होतं.

गाडगं आता परत कोनाड्यात आहे. भाकरी मी राजवाड्यातूनच आणतो. पुआ रोज विचारते, "लावलंत का?"

नवं खमीर अजून लावलेलं नाही.