जमिनीत काही लावायचं नाही

"'प्लँट' या एका शब्दात साऱ्या मानवजातीचा इतिहास साठलेला आहे," चष्मा कपाळावर सरकवून नंदकिशोरांनी जाहीर केलं.

"आजोबा, मॅमने पाचच लाइन मागितल्यात," नात मैत्रेयी म्हणाली.

विमा कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. जयपूरच्या या सातव्या मजल्यावर त्यांचं ऐकायला बांधील असलेलं एवढंच माणूस उरलं होतं, म्हणून त्यांनी सावकाश सुरुवात केली. कारखाना हाही प्लँट, शत्रूच्या गोटात पेरलेला माणूसही प्लँट. मूळ मात्र लॅटिन. 'प्लांता' म्हणजे रोप, आणि पायाचा तळवाही. रोप लावलं की भोवतीची माती तळव्याने दाबायची, त्यावरून हे आलं म्हणतात.

"मतलब तुम्ही पण पायाने दाबायचात?"

नंदकिशोरांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. नोकरीच्या चौतीस वर्षांत अकरा गावं झाली होती. पहिल्याच बदलीला त्यांनी घरात नियम घातला होता: जमिनीत काही लावायचं नाही. लावलेलं ट्रकमध्ये चढत नाही.

"आम्ही बदलीची माणसं गं," बाल्कनीतून वासंतीबाई नातीला म्हणाल्या. "आमचं सगळं कुंडीत."

त्यांच्यापुढे कढीपत्ता होता. कऱ्हाडच्या प्लॉटवर घर बांधलं की दारात लावायचा म्हणून कोट्याच्या बदलीवरून आणलेला. ते घर दरवर्षी पुढच्या वर्षी होणार होतं. आता प्लॉटला गिऱ्हाईक आलं होतं आणि मुलगा अमेय आज होकार कळवणार होता. या वयात तिकडे दोघंच राहणार कसे, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. वासंतीबाई सकाळी एवढंच म्हणाल्या होत्या, "मला कऱ्हाडला जायचंय. तुम्ही सांगा त्याला."

नंदकिशोर उठले आणि अमेयच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याची मीटिंग चालू होती. त्याने एक बोट वर केलं. साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळायचा अनुभव दांडगा असल्याने त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"बोला बाबा. हो कळवू ना त्यांना?"

'नाही' हा शब्द तसा लहान. त्याचीही व्युत्पत्ती त्यांना ठाऊक होती.

"कळव," ते म्हणाले.

ते बाल्कनीत आले. अमेयच्या खोलीचं दार उघडंच होतं, आतलं इथवर ऐकू येत होतं. कुंडीच्या तळाच्या भोकातून बाहेर आलेली मुळं वासंतीबाई बोटाने आत सारत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सांगानेरच्या नर्सरीकडे गेलात, तर जरा मोठी कुंडी बघा."